घरच्या घरी वनस्पतिशास्त्र

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या चिटणीसांनी मला या विषयावर बोलण्याची आज्ञा केली तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी इतिहास घेऊन बी. ए. झालेला मनुष्य. शाळा सुटली तेव्हा विज्ञानाचा आणि माझा संबंध सुटला, आणि पुढची तीस वर्षे केंद्र सरकारच्या नस्त्यांवर टिप्पण्या लिहिण्यात गेली. परंतु चिटणीस म्हणाले, "तुम्हांला हा विषय येत नाही म्हणूनच तुम्ही बोला. ज्यांना येतो ते बोलले की आईबाप घाबरतात." या युक्तिवादावर प्रतिकूल शेरा मारणे मला जमले नाही, म्हणून आज आपल्यापुढे उभा आहे.

जे सांगणार आहे ते पाचवी ते आठवीतल्या मुलांविषयी आहे. त्याहून लहान मुलांना फूल आवडते एवढे पुरे असते, आणि नववीच्या पुढे परीक्षेचे भूत मानगुटीवर बसते. मधली तीन-चार वर्षे मोठी मोलाची. या वर्षांत शाळेत जास्वंदीच्या उभ्या छेदाची आकृती काढून घेतात, निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग अशी नावे बाणांच्या टोकांशी लिहून घेतात, आणि आकृती नीट आली की गुण मिळतात. प्रत्यक्ष जास्वंदीचे फूल त्या वर्गात कोणी आणलेले असतेच असे नाही. माझ्या मुलीच्या वर्गात नव्हते. यात शिक्षकांना दोष देण्यासारखे काही नाही. चाळीस मुले आणि पस्तीस मिनिटे यांचे गणित कोणालाच सुटत नाही. घरी मात्र मुले दोन असतात आणि वेळ बराच असतो. आम्हांला तो वेळ २०२० साली सक्तीने मिळाला.

त्या वर्षी २५ मार्च रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली. तोच दिवस गुढीपाडव्याचा होता. आदल्या रात्री घोषणा ऐकून सारे घर सुन्न झालेले, आणि सकाळी माझ्या आईने, म्हणजे मुलांच्या आजीने, नेहमीच्या शांतपणे सांगितले, "कडुनिंबाचा डहाळा तेवढा घेऊन या." दक्षिण दिल्लीतल्या आमच्या सरकारी वसाहतीत आमचे घर तळमजल्यावर होते आणि मागच्या अंगणाला लागूनच एक जुना कडुनिंब होता. मार्चच्या अखेरीस दिल्लीचा कडुनिंब तांबूस कोवळ्या पालवीने चकाकत असतो. मुलगी तेव्हा सातवीत जाणारी, मुलगा पाचवीत. आजीने चटणीसाठी पाच पाने मागितली, मुलाने पाच लहानशी दातेरी पाने खुडून आणली, आणि मुलीने पाच लांब शिरा, प्रत्येकीवर दहा-पंधरा पाने असलेल्या, आणून ठेवल्या. "माझी पाच बरोबर," असा दोघांचाही दावा. निवाडा माझ्याकडे आला.

मला उत्तर ठाऊक नव्हते. सरकारी अधिकाऱ्याला उत्तर ठाऊक नसले की तो पूर्वीची नस्ती मागवतो. मी मुलीचे विज्ञानाचे पुस्तक मागवले. त्यात एक साधी कसोटी मिळाली. पानाचा देठ जिथे फांदीला मिळतो त्या बेचक्यात एक डोळा असतो, म्हणजे पुढे फुटणाऱ्या फांदीची बारीकशी कळी. ज्याच्या बुडाशी डोळा आहे ते पूर्ण पान. ज्याच्या बुडाशी नाही ती पर्णिका. आम्ही माझे टपाल-तिकिटे पाहण्याचे भिंग काढले आणि तिघे अंगणात गेलो. लहान दातेरी पानांच्या बुडाशी काही नव्हते. लांब शिरेच्या बुडाशी, फांदीला चिकटून, डोळा होता. मुलगी जिंकली. आजीने चटणीसाठी दोघांचीही पाने वापरली.

ही कसोटी हाती आल्यावर पुढचे पंधरा दिवस वसाहतीतले एकही झाड त्यातून सुटले नाही. सर्वांत मजा आली ती काटेसावर आणि सातवीण यांच्या जोडीने. दोन्हींची पाने तळहाताच्या बोटांसारखी पसरलेली, पाच-सात एकत्र. दुरून एकाच कुळातली वाटावीत. परंतु सावरीची ती पाच-सात बोटे एका लांब देठावर बसतात आणि डोळा त्या देठाच्या बुडाशी सापडतो. म्हणजे सगळी मिळून ते एकच पान. सातविणीची सात पाने थेट फांदीवरच वर्तुळात बसलेली, प्रत्येकाचा आखूड देठ वेगळा; ती खरोखरीच सात पाने. "सात" हाही काही नियम नव्हे. मुलीने मोजली तेव्हा कुठे पाच, कुठे आठ अशीही निघाली, आणि आपल्या पूर्वजांनी नाव ठेवताना सरासरी काढली असावी असा निष्कर्ष तिने वहीत नोंदवला.

यानंतर आमचे शास्त्र अंगणातून स्वयंपाकघरात आले, आणि तिथे मला कळले की माझ्या घरात वनस्पतिशास्त्राची एक प्रयोगशाळा माझ्या जन्मापासून चालू होती.

माझी आई रायगड जिल्ह्यातली. गावाहून आलेले वाल ती डब्यात जपून ठेवी. वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. बिरड्याची ही तयारी आपणांपैकी अनेकांनी केली असेल, निदान खाल्ले तरी असेलच. सोलताना हातात येते ते टरफल म्हणजे बीजकवच. आतून निघतात त्या डाळिंब्या म्हणजे दोन जाडजूड बीजपत्रे, आणि त्यांच्या मध्ये जो कोंब असतो ते बाळझाड. आजी सोलत होती आणि मुलगा पुस्तकातली आकृती शेजारी धरून बसला होता. पुस्तकातली आकृती घेवड्याची होती, पण भाग तेच. "द्विदल म्हणजे ज्याची डाळ होते ते," असे आजीने सांगितले. व्याख्या म्हणून ती पुरेशी नाही, कारण आंबाही द्विदल आणि आंब्याची डाळ कोणी करीत नाही. परंतु दल आणि डाळ हे नात्यातले शब्द आहेत हे मुलांना त्या क्षणी उमगले. गव्हाची डाळ का होत नाही, हा प्रश्न मुलाने लगेच विचारला आणि लगेच स्वतःच सोडवला.

मग आम्ही तीन वाल घेतले. एक होता तसाच ठेवला, दुसऱ्याची एक डाळिंबी काढली, तिसऱ्याच्या दोन्ही काढून नुसता कोंब ओल्या कापसावर ठेवला. पहिला जोमाने वाढला, दुसरा हळूहळू, तिसरा काही दिवस तग धरून सुकला. मुलगा दोन दिवस हळहळत होता. बीजपत्रात शिदोरी असते हे त्याला मी शब्दांनी सांगितले असते तर हळहळला नसता. कुंडीत लावलेल्या वालाच्या डाळिंब्या माती सारून वर आल्या, हरभऱ्याच्या मात्र मातीतच राहिल्या आणि नुसता कोंब वर आला; असे का, याचे उत्तर मी दिले नाही, कारण मला ते देता येत नव्हते.

कापसाची गोष्ट सांगतो. आजी देवाच्या वाती करी, त्यासाठी सरकीसह देवकापूस तिच्याजवळ असे. सरकी ओढून काढताना तिची बोटे दुखत. मेमध्ये वसाहतीतल्या सावरीची बोंडे फुटून सगळीकडे कापूस उडू लागला, तेव्हा मुलांनी पिशवीभर गोळा करून तिला आणून दिला. तिने हातात घेतला आणि म्हणाली, "याची बी आपोआप गळते रे, ओढावी लागत नाही." एवढ्या एका वाक्यात एक मोठा भेद होता. खऱ्या कापसाचा तंतू बियांच्या सालीवर उगवतो, म्हणून सरकी सोडत नाही. सावरीचा तंतू फळाच्या आतल्या भिंतीवर उगवतो. बी त्यात नुसती निजलेली असते. काम दोघांचे एकच, वाऱ्यावर बी नेणे, पण वस्त्र दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी विणलेले. मी हे पुस्तकात शोधून मुलांना सांगितले, परंतु बोटांना ते आधी कळले होते. सावरीच्या कापसाच्या वाती मात्र नीट वळल्या जात नाहीत. तो उशीत गेला.

आता माझ्या चुकीकडे येतो. खरे म्हणजे तिच्यासाठीच मी बोलायला कबूल झालो.

मागच्या अंगणातला नळ गळका होता आणि त्याच्या पाण्यावर आजीने अळू लावले होते. जुलैत ते चांगले माजले. मुलीच्या वहीत त्या वेळी दोन रकाने चालू होते, एकदल आणि द्विदल. समांतर शिरांची पाने ती एकदल, जाळीदार शिरांची ती द्विदल, असा नियम पुस्तकात होता आणि केळ, हळद, गवत, पिंपळ, जांभूळ यांनी तो निमूटपणे पाळला होता. अळूचे पान तिने उजेडावर धरले. शिरांचे जाळे स्पष्ट दिसत होते. तिने ते द्विदल रकान्यात लिहिले नाही. एक रोप उपटून माझ्याकडे घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, याची मुळं कांद्यासारखी झुबक्यानं आली आहेत. मधलं मोठं मूळ नाहीच. मला हे द्विदल वाटत नाही."

मी दूरध्वनीवर कार्यालयाचे काम करीत होतो. पान पाहिले, जाळे पाहिले, आणि म्हणालो, "पुस्तकात नियम दिला आहे ना? मग त्याप्रमाणे लिही. मुळांचं काय ते नंतर पाहू." ती उभीच राहिली. तेव्हा मी तिच्या हातून वही घेऊन लाल पेनाने "अळू – द्विदल" असे लिहिले, खाली सही केली. लाल शाईची सवय, दुसरे काय.

त्यानंतर काही दिवस ती माझ्याकडे काही दाखवायला आली नाही. माझ्या ते ध्यानातही आले नाही. पत्नीने आणून दिले. सप्टेंबरमध्ये वेगळेच काही शोधताना सुरणकुलाची माहिती माझ्या वाचनात आली. अळू, सुरण, घरोघरी बाटलीत वाढणारा मनीप्लँट, ही सारी मंडळी एकदल आहेत. त्यांच्यातल्या पुष्कळांच्या पानांत शिरा जाळीदार असतात आणि नियमाला हे अपवाद आहेत, हे वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. म्हणजे मुलीने मुळे पाहून जे म्हटले ते बरोबर होते. अळूचे बी आपल्याला घरी कधी पाहायला मिळत नाही, ते कंदापासून लावतात, त्यामुळे बीजपत्रे मोजण्याची सोय नव्हती. हाती जो पुरावा होता त्यावरून तिने योग्य तर्क केला होता. मी नियम वाचला होता आणि तिने रोप पाहिले होते.

सरकारात चूक झाली की शुद्धिपत्रक निघते. मी रीतसर काढले: "दिनांक अमुकच्या नोंदीत 'द्विदल' याऐवजी 'एकदल' असे वाचावे. ही चूक अधोस्वाक्षरीकाराची आहे." तिने ते वाचले, हसली नाही, डिंकाने वहीत चिकटवले. दुसऱ्या दिवशी मनीप्लँटचे पान घेऊन आली. त्या दिवसापासून आमच्या घरी एक रिवाज पडला: जो रोप आणील तो आधी बोलेल आणि पुस्तक शेवटी उघडले जाईल. तो पाळणे मला मुलांपेक्षा जड गेले.

नावांचा प्रश्न आपल्यासारख्या बदलीच्या नोकरीतल्या, महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या कुटुंबांत फार अवघड होतो, त्याविषयी बोलल्यावाचून मला राहवत नाही. दिल्लीला येण्यापूर्वी आम्ही कोलकात्याला होतो. तिथे शाळेच्या कुंपणालगत उंच, सरळ, लोंबत्या लहरी पानांची झाडे होती आणि मुले त्यांना 'देबदारू' म्हणत. दिल्लीत तेच झाड 'अशोक' झाले. मग एका सुट्टीत आम्ही हिमाचलात गेलो आणि तिथला देवदार अगदीच निराळा, सुईच्या पानांचा निघाला. घरी आजी म्हणे, खरा अशोक तो लाल-केशरी फुलांचे गुच्छ येणारा, सीतेचा. हा लांबोडा खोटा. मुलगी वैतागली. मुलांना लॅटिन नावांचा जाच का करावा असे विचारणाऱ्यांना मी ही हकीकत सांगतो. नाव नेमके लागते कशासाठी, ते गोंधळात सापडल्यावरच कळते. १७५३ साली लिनीअसने प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धत घालून दिली ती अशाच गोंधळावर उपाय म्हणून. हिमालयातला सेड्रस देवदारा. आमचा खोटा अशोक पुष्कळ वर्षे पॉलिअल्थिया लाँगिफोलिया होता, आता शास्त्रज्ञ त्याला मोनून लाँगिफोलियम म्हणतात. तिथेही शुद्धिपत्रके निघतात हे पाहून मला बरे वाटले.

पण म्हणून घरातले नाव टाकून द्यावे असे नाही. प्रदीप कृष्ण यांचे दिल्लीच्या झाडांवरचे इंग्रजी पुस्तक २००६ साली निघाले. ते आम्हांला फार उपयोगी पडले आणि या शहरात राहणाऱ्या प्रत्येक घरात असावे. त्यात सातविणीविषयी वाचताना आजीने ऐकले की तिच्या शास्त्रीय नावातला 'स्कोलॅरिस' हा शब्द शाळेशी संबंधित आहे, कारण तिच्या लाकडाच्या मुलांसाठी पाट्या करीत. विश्वभारतीच्या पदवीदान समारंभात पूर्वी तिचीच पाने देत, बंगालीत ती 'छातिम'. आजी म्हणाली, "आमच्याकडे ओकीवर सातविणीची साल उगाळून देत." एका झाडाला चार नावे, आणि प्रत्येक नावाच्या मागे वेगळे घर. आमच्या वहीत तेव्हापासून चार ओळी असतात: मराठी, हिंदी, बंगाली, लॅटिन. मराठीची ओळ आजी सांगे.

त्या पावसाळ्यात घरामागे टाकळा उगवला, तसा तो दिल्लीत पडीक जागी सर्वत्र उगवतो. आजीने कोवळी पाने खुडून भाजी केली. दिल्लीत तीस वर्षे राहिलेल्या माझ्या शेजाऱ्यांना ते तण वाटत होते. रात्री नऊ वाजता विजेरी घेऊन मुलांना तिने टाकळ्याकडे नेले. पाने मिटून झोपली होती. सकाळी उघडी. हे मी जन्मात पाहिले नव्हते, आणि माझे बालपण टाकळ्याच्याच मुलखात गेले.

२२ ऑगस्टला गणेशचतुर्थी होती. बाजारातून पत्री आणण्याची सोय नव्हती, म्हणून मुलांनी एकवीस पत्रींची यादी करून स्वतः शोधायची ठरवली. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि शस्त्रक्रिया टाळेबंदीमुळे लांबणीवर पडली होती. तिला पाने धड दिसत नव्हती. मुले एकेक आणून तिच्या हातात देत आणि ती सांगे. माका चुरगळून बोटांना काळेपणा येतो का विचारी. रुई लुसलुशीत जाड पानाने आणि चिकाने, मरवा वासाने, बेल त्रिदळाने. आघाड्याच्या तुऱ्यावरून तिने उलटा हात फिरवला आणि बारीक काटे बोटांना रुतताच म्हणाली, "हा आघाडा." एकवीसपैकी तेरा मिळाल्या. देवदार दिल्लीत मिळणे नव्हते, केवडा नव्हता. इथे पालकांना एक सूचना आवर्जून देतो: धोत्रा, कण्हेर आणि रुई विषारी आहेत. ती मोठ्यांनीच तोडावीत, चीक डोळ्याला लागू देऊ नये, आणि मुलांचे हात साबणाने धुऊन घ्यावेत. आजी हे न सांगता कधी पत्रीला हात लावू देत नसे.

ऑक्टोबरात घटस्थापना झाली. देवघराच्या काळोखात गव्हाचे अंकुर पिवळे, लांबुडके आले. मुलाने त्याच दिवशी खिडकीत पेरलेले दुसऱ्या वाडग्यातले आखूड आणि हिरवेगार. उजेडाशिवाय हिरवा रंग येत नाही, आणि उजेड शोधण्यासाठी कोंब लांबत जातो. आजीला पिवळे अंकुरच शुभ वाटत. दोघांनी आपापले मत राखले.

कोणी विचारील की या साऱ्याचा मुलांना पुढे काय उपयोग झाला. मुलीने अकरावीला वाणिज्य शाखा घेतली. मुलाचे अजून काही ठरलेले नाही.

आई २०२२ साली गेली. वहीतल्या मराठीच्या ओळी त्यानंतर मी भरतो, पण मला थोड्याच येतात. शंका आली की मंडळातल्या ज्येष्ठ भगिनींना विचारतो, आणि त्यांनी कंटाळा केलेला नाही. काही पाने आईने नुसती नावे सांगून राखून ठेवायला लावली होती. भारंगी, फोडशी, कुर्डू. यांतला कुर्डू गेल्या वर्षी शहराबाहेर रानात सापडला. उरलेल्या दोघींची पाने कोरी आहेत. कोकणात पावसाळ्यात जाणे जमले तर भरू.

वही मी आज बरोबर आणली आहे. सभेनंतर इथे टेबलावर ठेवतो. ज्यांना पाहायची असेल त्यांनी मुलांसह यावे. अळूचे शुद्धिपत्रक सतराव्या पानावर आहे. आघाड्याचे पान उलटताना मात्र जपून, त्याचा तुरा अजून समोरच्या कागदाला धरून ठेवतो.